ती फोडणी विसरून पडली नव्हती

माझ्या थोरल्या वहिनी गेल्याची बातमी मला नाटे गावी मिळाली. भाच्याच्या बागेत मोहर कसा धरला आहे ते पाहायला मी आदल्या दिवशी तिकडे गेलो होतो. सकाळी चहा घेत असताना मोबाइल वाजला आणि कुटुंबाच्या गटावर माझ्या पुतण्याचा, हेमंतचा, मजकूर दिसला... "आई पहाटे गेली. झोपेतच." मी मिळेल ती एसटी पकडली. त्या प्रवासात मी डोळे पुसत बसलो होतो असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. मी मोबाइल वाचत होतो आणि संतापत होतो. नाट्याहून रत्नागिरीचे स्थानक येईपर्यंत आमच्या नातेवाइकांनी त्या गटावर एक वेगळीच बाई उभी केली होती. कोणी तिला अन्नपूर्णा म्हटले, कोणी मायेचा सागर, कोणी लिहिले की काकू कधी कुणाला उलट बोलल्या नाहीत. मी घरी पोहोचलो, आत जाऊन त्यांचे दर्शन घेतले, आणि मनातल्या मनात त्यांना सांगितले की वहिनी, हे सगळे मी खोडून काढणार आहे. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता, म्हणजे थोडासा चिडलेला.

पुढे आमच्या आळीतले निवृत्त बँक अधिकारी बाळासाहेब यांनी याच पुरवणीत त्यांच्यावर एक छोटेखानी टिपण लिहिले. बाळासाहेब सज्जन आहेत आणि त्यांचे अक्षरही चांगले आहे. परंतु त्यांच्या टिपणात तीन विधाने आहेत आणि तिन्ही चुकीची आहेत. पहिले, वहिनी अत्यंत मृदू होत्या. दुसरे, त्यांचे प्रसिद्ध कुळथाचे कळण हा त्यांना सासूबाईंकडून मिळालेला वारसा होता. तिसरे, उतारवयात त्यांना विसर पडू लागला होता आणि त्या भरात त्यांनी एकदा सुतकाच्या घरात फोडणी दिली, ज्याची आठवण काढून आळी अजून हसते. पहिल्या दोन विधानांना मी थोडक्यात उत्तर देईन. तिसऱ्याला मात्र पूर्ण उत्तर द्यावे लागेल, कारण त्या प्रसंगाचा एकमेव साक्षीदार आता मीच उरलो आहे, आणि एका बाईच्या आयुष्यातली सर्वांत मोठी कृती लोकांनी तिची चूक म्हणून लक्षात ठेवावी हे मला मान्य नाही. मी रत्नागिरीच्या न्यायालयात आयुष्यभर दिवाणी वकिली केली. साक्षीदार हयात असताना खटला एकतर्फी निकालात काढता येत नाही, एवढे मला कळते.

सिंधूवहिनी साताऱ्याकडच्या. आमच्या दादाशी लग्न होऊन त्या आल्या तेव्हा मी महाविद्यालयात होतो. त्यांच्या माहेरी कुळथाला हुलगे म्हणत आणि त्याच्या पिठाचे माडगे करत. आमच्याकडे कुळीथ शिजवून वरचे पाणी काढायचे, त्याला नारळाचा रस आणि आमसूल लावायचे, की झाले कळण. आमची आई त्यात लसूण घालत नसे. तिच्या मते लसणीने कळणाचा सोज्वळपणा जातो. वहिनींनी पहिल्यांदा कळण केले तेव्हा तूप तापवून त्यात लसूण चांगली तांबूस होऊ दिली, जिरे फुलवले, एक सुकी मिरची मोडून टाकली आणि ती पळी धुरासकट पातेल्यात बुडवली. आईने एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "हे कळण नव्हे गो. हे घाट उतरून आलेलं काहीतरी आहे." आमच्या वडिलांनी मात्र शब्दही न उच्चारता आपली वाटी पुन्हा पुढे केली, आणि त्यानंतर आमच्या घरात दोन पातेल्यांत कळण शिजू लागले. हा प्रकार कित्येक वर्षे चालला. दोघीही माघार घेईनात. शेवटी आई अंथरुणाला खिळली, तिच्या तोंडाची चव गेली, आणि एके दिवशी तिने मला जवळ बोलावून सांगितले की सिंधूला म्हणावं, ते तुझं घाटावरचं दे थोडं. मी निरोप पोहोचवला. वहिनींनी भाताचे पातेले उतरवले, कुळीथ चढवले आणि पाठमोऱ्या राहूनच म्हणाल्या, "जरा उशीरच झाला त्यांना." हा वारसा नव्हे. हा जिंकलेला मुलूख आहे, आणि बाळासाहेबांनी तो फुकटात सासूच्या नावे करून टाकला.

आता मृदूपणाविषयी. आळीत कोणी आजारी पडले की वहिनी समाचाराला जात, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या कशा जात, हे मात्र लिहिताना लोक सोयिस्करपणे गाळतात. त्या केळी, मोसंबी, बिस्किटे असले काही नेत नसत. झाकणाची स्टीलची किटली घेऊन जात, आणि त्या किटलीत काय असेल हे रोगी नव्हे, त्या ठरवत. तापाला पेज, पोट बिघडल्यावर आमसुलाचे सार, शस्त्रक्रियेनंतर मुगाचे कढण, आणि ज्याला काही झालेले नाही पण ज्याने जगण्याकडे पाठ फिरवली आहे त्याला कुळीथ. किटली ठेवून परत येणे त्यांना मंजूर नव्हते. त्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसत आणि भांडे रिकामे झाल्याखेरीज उठत नसत. शाळेत मुलांना घाम फोडणारे एक निवृत्त मुख्याध्यापक मांडीचे हाड मोडून पडले होते. त्यांनी किटलीकडे बघून सांगितले की वहिनी, ठेवून जा, मी नंतर घेईन. वहिनी म्हणाल्या, "नंतर म्हणजे तुम्ही मोरीत ओताल. मी बसते. मला काही घाई नाही, वाती वळायला आणल्यात बरोबर." मुख्याध्यापकांनी निमूटपणे वाटी उचलली. जयगडच्या बाजूला आमची आंब्याची थोडी कलमे आहेत, तिथे राखणीला असलेला नेपाळी गडी एकदा तापाने फणफणला. वहिनी रिक्षा करून किटलीसकट तिथे गेल्या. तो कळणाचा घोट घेऊन थबकला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला की हे तर आमच्या डोंगरातले आहे, माझी आई करते. त्यावर बाकी कोणीही गहिवरले असते. वहिनींनी त्याला विचारले की तुझी आई लसूण चिरते की ठेचते, आणि तो ठेचते म्हणाल्यावर पुढच्या वेळी ठेचून पाहिली. मग मला येऊन सांगितले, "त्याच्या आईचं बरोबर आहे." मायेचा सागर वगैरे लिहिणाऱ्यांनी या बाईला कधी काम करताना पाहिलेच नाही. त्यांच्यात माया होती, पण ती हुकमी आवाजात बोलायची.

आणि आता तो तिसरा मुद्दा.

माझी पत्नी शालिनी गेली त्याला काही वर्षे झाली. आम्हाला मूलबाळ नाही. दादा त्याआधीच गेला होता, त्यामुळे शालिनीचे दिवस मीच करत होतो आणि घर वहिनींनी हातात घेतले होते. आमच्याकडे सुतक फिटेपर्यंत जेवणाला फोडणी देत नाहीत. हळद नाही, तळण नाही, कांदा-लसूण नाही. वरण असले तरी ते नुसते शिजवलेले आणि मीठ घातलेले. पहिल्या दिवशी तर चूलच पेटत नाही, जेवण शेजारपाजारचे पाठवतात, आणि आमच्या आळीची रीत अशी की प्रत्येक घर पिठले-भातच पाठवते. कोणी कोणाला विचारत नाही. त्या दिवशी आमच्या ओटीवर पिठल्याच्या डब्यांची रांग लागली होती, आणि माझ्या मनात आले की शालिनी असती तर म्हणाली असती, एवढ्या पिठल्यात आपल्याला घर सारवता येईल. हे सांगायला मी वळलो तर ऐकायला शालिनीच नव्हती... तेव्हापासून माझा घास घशाखाली उतरेना.

मी काही उपोषण केले नव्हते. मी पानावर बसत असे, बोटे भाताला लावत असे आणि उठत असे. लोकांना ते संयम वाटत होते. भटजींनी तर माझ्या कडक आचरणाचे कौतुक केले. आमच्या डॉक्टरांनी रक्तदाब तपासून वहिनींना बाजूला घेतले आणि सांगितले की हे असेच चालले तर दोन दिवसांत यांना दवाखान्यात हलवून सलाइन लावावे लागेल, आणि या वयात ही उतरण एकदा सुरू झाली की माणूस परत वर येईलच असे नाही. हे मला वहिनींनी नंतर सांगितले. मला तेव्हा दिसत होते ते इतकेच की घर गप्प आहे. माणसे होती, बोलत होती, पण घराचा जो आपला आवाज असतो तो बंद पडला होता. सकाळी मी पडवीत अशिलांची कागदपत्रे चाळत बसलेला असताना आतून शालिनीची फोडणी चरचरायची, आणि मी न बघता सांगायचो की आज डाळिंबीची उसळ आहे, आज आमटी आहे. इतकी वर्षे मी आवाजावरून जेवण ओळखत आलो होतो, आणि आता ओळखायला काही उरले नव्हते.

आमच्या नर्मदाआत्या, वडिलांची धाकटी बहीण, तेव्हा हयात होत्या आणि सोवळ्याओवळ्यावर त्यांची नजर होती. त्यांनी पहिल्याच दिवशी लसणीची परडी माळ्यावर टाकायला लावली होती. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा. वहिनींचे बिऱ्हाड वेगळे, पण त्यांच्या घरीही सुतकच, तेव्हा तिथेही लसूण बाजूला काढलेली. इतके दिवस आमच्या स्वयंपाकघरात रोज वहिनीच रांधत होत्या, आणि रोज, दोन्ही वेळा, फोडणीवाचूनच रांधत होत्या. त्यांचा हात एकदाही चुकला नव्हता.

त्या दुपारी मी पडवीत भिंतीला टेकून बसलो होतो. माजघरात आत्या आणि आणखी चारसहा बायका होत्या. आणि एकाएकी आतून तो आवाज आला... तूप कडकडीत तापल्याचा, त्यात जिरे पडल्याचा, आणि मग पळी रसात बुडाल्यावर उठतो तो लांबलचक चर्र. पाठोपाठ लसणीचा वास माजघर ओलांडून पडवीत आला. बायकांचे बोलणे मध्येच थांबले. आत्यांचा आवाज आला, "अगो, फोडणी कोणी दिली गो?" मग वहिनी हातात वाटी घेऊन उंबऱ्यावर आल्या, सगळ्यांकडे एकवार पाहिले आणि अगदी सहज म्हणाल्या, "अगोबाई, विसरले."

आत्यांनी कपाळाला हात लावला. कोणी म्हणाले जाऊ द्या, बिचारी दमली आहे. कोणी म्हणाले वय झाले. वहिनी माजघर ओलांडून थेट माझ्यासमोर येऊन बसल्या आणि वाटी पुढे केली.

मी म्हणालो, "वहिनी, भूक नाही."

"भुकेचं विचारलं का मी? वाटी धरा म्हणतेय."

मी म्हणालो की हे चालत नाही, सुतक आहे. त्यावर त्यांनी आवाज उतरवला. तो आवाज माझ्याखेरीज कोणाच्या कानी गेला नाही, म्हणून हा लेख लिहिण्याची वेळ आली आहे. त्या म्हणाल्या, "भाऊजी, मी काही विसरलेली नाही. लसूण घरून पदराला बांधून आणलीय. शालिनीला जाऊन इतके दिवस झाले, या घरात एकदा तरी चर्र झालंय का? तुम्हाला घर ऐकू आलं पाहिजे. आता वास आलाय नाकात, तर तोंड फिरवून दाखवा."

मी तोंड फिरवू शकलो नाही. भल्याभल्या वकिलांनी मला न्यायालयात डिवचले आहे, मी कधी हार मानलेली नाही. पण त्या वाटीपुढे माझ्याकडे युक्तिवाद नव्हता. मी एक घोट घेतला. आंबट, तिखट, वर तुपाचा तवंग, आणि तळाशी ठेचलेली लसूण. पोटात काहीतरी इतके दिवस मिटलेले उघडले. मी वाटी संपवली. वहिनींनी दुसरी आणली, तीही संपवली. माझ्या डोळ्यांत पाणी आले ते मिरचीमुळे, असे मी तेव्हा म्हणालो होतो आणि माझे म्हणणे आजही तेच आहे. तिसऱ्या वाटीत मी भात मागितला. माजघरातून आत्या ते पाहत होत्या. वहिनींना रागे भरायला म्हणून त्या उठल्या होत्या, पण मी भात मागितलेला ऐकून पुन्हा खाली बसल्या आणि शेजारणीला म्हणाल्या की विसरली असेल हो, होतं असं. मला वाटते आत्यांना सगळे कळले होते. पण त्या आता नाहीत, आणि त्यांच्या वतीने मी साक्ष देऊ शकत नाही.

सुतक फिटल्यावर वहिनींनी मला शांतपणे बसू दिले नाही. त्यांनी सांगितले की रोज मी येणार नाही, तुम्ही शिका. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कुळीथ निवडायला बसवले. मी खडे काढताना चष्मा शोधत बसलो की त्या म्हणायच्या, "कायदा शिकलात, कुळीथ शिकाल. कुळथाला तारखा पडत नाहीत, तो आजच्या आज शिजतो." माझे पहिले कळण करपले, दुसरे खारट झाले, तिसऱ्या वेळी मी फोडणीत लसूण काळी केली आणि त्यांनी ते सगळे पातेले चाफ्याच्या मुळाशी ओतून दिले. पुढच्या खेपेस मात्र त्यांनी चव घेतली आणि आपली वाटी पुन्हा पुढे केली. वडिलांनी त्यांच्यापुढे कधी काळी वाटी धरली होती, ती अशीच. माझ्या आयुष्यात मला अनेक निकाल माझ्या बाजूने मिळाले, पण इतका निर्विवाद एकही नाही.

असो. त्या गेल्यानंतर चारपाच दिवसांनी आळीतल्या मंडळींनी त्यांच्याच अंगणात श्रद्धांजलीची बैठक घेतली. हेमंत बोलायला उभा राहिला. चांगला मुलगा आहे, पुण्यात नोकरी करतो, आईवर त्याचा जीव होता. त्याने आईच्या किटलीविषयी सांगितले, मुख्याध्यापकांचा किस्सा सांगितला, आणि मग हसत हसत म्हणाला की शेवटी शेवटी आईला विसर पडायचा, शालिनीकाकूंच्या सुतकात तर तिने चक्क फोडणीच दिली होती. लोक प्रेमाने हसले. बाळासाहेबांनी तिथेच ते टिपून घेतले असावे. मी उभा राहिलो आणि म्हणालो की मला या विधानावर हरकत आहे, ते चुकीचे आहे. लोकांनी माझ्याकडे असे पाहिले की वयोवृद्ध दीर, शोक अनावर झाला आहे. कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बसवले. खांद्यावर हात ठेवून बसवले जाणे मला आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी मी हेमंतला त्याच्या घराच्या ओटीवर गाठले. जे वर लिहिले ते सगळे त्याला सांगितले. माळ्यावरची परडी, पदरातली लसूण, रोज न चुकता केलेला बिनफोडणीचा स्वयंपाक. जी बाई लसूण घरून बांधून आणते ती विसरते कशी, हे त्याला विचारले. तो ऐकून घेत होता, पण त्याचे डोळे सुजलेले होते आणि आईच्या जाण्यानंतर त्यानेही धड काही खाल्लेले नव्हते. पान समोर आले की तो फोन घेऊन बाहेर जात असे. शेवटी तो म्हणाला, "काका, तुम्हाला तसं वाटावंसं वाटतंय. पण मी आईला स्वतः विचारलं होतं. ती म्हणाली, विसरले. तिच्या तोंडचं आहे. तुमच्यासाठी मी तिला खोटं ठरवू का?"

सगळ्या माजघरासमोर त्यांनीच उच्चारलेला शब्द माझ्याविरुद्ध उभा होता, आणि त्या शब्दाआडचे खरे त्यांनी फक्त माझ्या कानात सांगितले होते. माझी बाजू सिद्ध करायची तर मला वहिनींनाच खोटे ठरवावे लागत होते. मी हेमंतला सांगितले की तू ते वाक्य मागे घेईपर्यंत मी या घरात पाणीही घेणार नाही, आणि ओटीच्या एका टोकाला पाठ फिरवून बसलो. तो दुसऱ्या टोकाला बसला. आतल्या बायकांना आम्ही दोघे कसे दिसत असू याची मला कल्पना आहे. मला त्याची पर्वा नव्हती. मला भीती एवढीच वाटत होती, आणि हे मी पहिल्यांदाच लिहितो आहे, की माझ्यानंतर हे सांगणारे कोणी राहणार नाही आणि वहिनी कायमच्या एक विसराळू, गोड म्हातारी होऊन बसतील.

हेमंतची बायको मृणाल आत होती. ती घरूनच संगणकावर काम करते, त्यामुळे गेली दोन वर्षे बराच काळ ती सासूजवळ रत्नागिरीतच राहत असे. त्या दोघींचे स्वयंपाकघरात काय बोलणे होते ते आम्हा पुरुषांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आमचा सगळा वाद तिने ऐकला असणार. ती बाहेर आली नाही. पण थोड्या वेळाने, त्या सुतकाच्या घरात, आतून तूप तापल्याचा आवाज आला, आणि मग तो लांबलचक चर्र.

माजघरातली कुजबुज थांबली. एका चुलतबहिणीने मोठ्याने विचारले, "मृणाल, फोडणी दिलीस की काय?" मृणाल दोन वाट्या घेऊन बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते. ती म्हणाली, "अगोबाई, विसरले."

तिने एक वाटी माझ्यापुढे ठेवली आणि दुसरी हेमंतच्या हातात दिली. तो तिच्याकडे बघत राहिला. तशी ती त्याच्या शेजारी खाली बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आईंनी मला गेल्या वर्षीच सांगून ठेवलं होतं. म्हणाल्या, मी गेले की हेमंत जेवायचा नाही. तेव्हा लसणीची फोडणी दे. कुणी विचारलं तर वाद घालू नको, विसरले म्हणावं, भाऊजींच्या वेळी मी तेच म्हटलं होतं. वाद घालत बसलं की कळण निवतं."

हेमंतने वाटी तोंडाला लावली आणि मध्ये न थांबता संपवली. मग तो उठला, आत स्वयंपाकघरात गेला, आणि मी ओटीवरून ऐकले की तो पातेल्यातून स्वतःच्या हाताने पुन्हा वाढून घेतो आहे. पळी भांड्याच्या तळाला घासल्याचा आवाज येत होता. बाहेर येऊन तो माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "काका, आईने लसूण पदराला बांधून आणली होती, हे लिहा. नीट लिहा."

म्हणून हे लिहिले. पुरवणीच्या संपादकांनी यातले काही कापले तर चालेल, माझा संताप कापला तरी चालेल. लसूण मात्र ठेवावी. त्या घराचे स्वयंपाकघर आता मृणालच्या ताब्यात आहे. परवा मी तिथून जात होतो. खिडकी उघडी होती, आतून वास येत होता, आणि ती फोनवर कोणाला तरी दटावून सांगत होती की किटली ठेवून जाणार नाही, मी बसणार आहे.